जोडाची परीक्षा आणि परीक्षकाचा पगार

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांतून बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात. मंडप घातला जातो, अध्यक्ष सपत्नीक पूजेला बसतात, संचालक मंडळाची व तालुक्यातील मान्यवरांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात आणि येत्या गळीत हंगामात किती लाख टन उसाचे गाळप होणार याची घोषणा होते. या समारंभाविषयी आमची तक्रार नाही. श्रमाच्या साधनांची पूजा करण्याची आपल्या लोकांची रीत जुनी आहे आणि तिच्यात काही सौंदर्यही आहे. परंतु ज्या यंत्राची पूजा होते त्याच्या पोटात भर उन्हाळ्यात आडवे पडून, हातात दिवा आणि प्रोब घेऊन ज्याने त्याचे जोड तपासले, त्या माणसाचे नाव त्या मंडपात कोणी घेत नाही. बहुधा त्याला निमंत्रणही नसते, कारण तो कारखान्याचा नोकर नसतो. तो एजन्सीचा माणूस असतो आणि तोवर दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या बॉयलरच्या पोटात शिरलेला असतो.

वेल्डिंगच्या परीक्षणाचे तंत्र हा अभियंत्यांचा विषय. त्यावर अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने आणि तेही पक्षाच्या साप्ताहिकात लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु पोलादाचा जोड किती वेळात झाला, कोणत्या दराने झाला, तो तपासला कोणी, तपासणाऱ्याचे बिल कोणी चुकते केले आणि जोड तुटला तेव्हा मेले कोण, या प्रश्नांची उत्तरे धातुशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी मात्र थोडे धातुशास्त्र समजून घ्यावे लागते, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ते कष्ट घ्यावेत असे आमचे मत आहे.

वेल्डरने ओतलेला धातू थिजताना त्यात दोन जातींचे दोष राहतात. एक जात गोलसर दोषांची: वायूचे अडकलेले बुडबुडे, स्लॅगचे कण. दुसरी जात सपाट दोषांची: कडेचे पोलाद नीट न वितळल्याने ओतलेला धातू नुसताच चिकटून राहिलेली जागा, तळापर्यंत न पोहोचलेला जोड, आणि तडे. दुसरी जात अधिक घातक, कारण सपाट दोषाचे टोक तीक्ष्ण असते आणि ताण त्या टोकाशी एकवटतो. काही पोलादांत तर धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे वेल्डिंग संपल्यावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनीही तडा जातो. म्हणूनच अनेक नियमसंहितांत अशा जोडाची तपासणी ४८ तास थांबून करावी असे सांगितलेले असते. बिल निघण्याची घाई असलेल्या कंत्राटदाराला हे ४८ तास फार जड जातात, हे सांगणे नलगे.

हे दोष जोड न फोडता शोधण्याचा जुना व सर्वपरिचित मार्ग म्हणजे रेडिओग्राफी. कामगारांच्या भाषेत, जोडाचा एक्स-रे काढणे. कारखान्यात त्यासाठी बहुधा इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. त्याची निम्मी शक्ती सुमारे ७४ दिवसांत संपते, म्हणून तो पुन्हापुन्हा बदलावा लागतो. फिल्मवर बुडबुडे आणि स्लॅग सुरेख दिसतात. पण किरणांच्या दिशेला तिरपा असलेला अरुंद तडा फिल्मवर उमटेलच याची शाश्वती नसते. म्हणजे जो दोष अधिक घातक तोच निसटण्याचा संभव अधिक. शिवाय किरण सोडण्यापूर्वी परिसर रिकामा करावा लागतो, सबब हे काम रात्रीच्या अंधारात, दमलेल्या माणसांकडून उरकले जाते. १९९९ च्या फेब्रुवारीत पेरू देशातील यानांगो येथील जलविद्युत केंद्रावर रेडिओग्राफीच्या उपकरणातून निसटलेला असा स्रोत तेथील एका वेल्डरला पडलेला आढळला. ती वस्तू काय आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने ती विजारीच्या खिशात टाकली आणि कित्येक तास तशीच बाळगली. त्या माणसाला पाय गमवावा लागला. ज्याच्या हातच्या कामाची परीक्षा चालली होती त्यालाच परीक्षेच्या साधनाने पंगू केले.

दुसरा मार्ग ध्वनीचा. कुंभाराकडचे मडके विकत घेताना आपल्या आया-बहिणी ते बोटाने वाजवून पाहतात, तत्त्व त्याच्या जवळचेच. रशियातील सोकोलोव्ह यांनी १९२८ च्या सुमारास धातूतील दोष श्राव्यातीत ध्वनीने शोधता येतील अशी कल्पना मांडली. अमेरिकेत फायरस्टोन व इंग्लंडमध्ये स्प्राउल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रत्यक्ष उपकरणे सिद्ध केली. प्रोबमधील स्फटिक सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपने करतो. पृष्ठभागावर तेल किंवा ग्लिसरीन लावून प्रोब टेकविला की ती कंपने पोलादात शिरतात, आडव्या कंपनांची लहर सेकंदाला सुमारे ३,२०० मीटर वेगाने तिरपी जाते, आणि वाटेत दोष आढळला तर प्रतिध्वनी परत येतो. पडद्यावर एक टोक उभे राहते. किती वेळाने आले त्यावरून जागा, किती उंच उठले त्यावरून दोषाच्या आकाराचा अंदाज. यात किरणोत्सार नाही, परिसर रिकामा करावा लागत नाही, आणि सपाट दोष लहरीच्या आड सरळ आला तर तो स्पष्ट बोलतो.

तथापि तो सरळ आडवा आला तरच. तडा कलता असेल तर प्रतिध्वनी भलतीकडे निघून जातो आणि मोठा दोषही लहान टोक उभे करतो. आणि सगळे हातावर अवलंबून. प्रोब कोणत्या कोनात फिरविला, किती सावकाश फिरविला, तेल सुकले होते काय, परीक्षकाची रात्र जागून झाली होती काय. काम संपल्यावर मागे उरतो एक कागद आणि त्यावर एक सही. ४५ अंशांचा प्रोब त्या जागेवरून खरोखर फिरला होता की नव्हता, हे दुसऱ्या कोणालाही नंतर पडताळून पाहता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी, रात्रीच्या महाविद्यालयात शिकून पदवीधर झालेला, गेली अनेक वर्षे हेच काम करतो. 'लेव्हल टू'चे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. मध्यंतरी घरी आला असता त्याने सांगितले, "सर, एका ठिकाणी मी एका दिवसात सात जॉइंट रिपेअरला काढले. सातही जॉइंट फोडल्यावर दोष निघाला. पुढच्या आठवड्यात त्या साइटवर आमच्या एजन्सीला बोलावणंच आलं नाही." साइट कोणती हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. पण त्या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे ते मला वर्गात तासभर बोलूनही इतके स्वच्छ सांगता आले नसते. ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षकाला फी देतो, आणि नापास करणाऱ्या परीक्षकाला पुढच्या वेळी बोलावीत नाही.

आता समुद्रातील एक घटना. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर किलँड' नावाचा पाच पायांचा तरंगता मंच वादळात उलटला. तेलविहीर खणण्यासाठी फ्रान्समध्ये बांधलेला हा मंच त्या वेळी कामगारांचे तरंगते निवासस्थान म्हणून वापरला जात होता. वर २१२ माणसे होती, त्यांपैकी १२३ मेली. पाळी संपवून आलेले अनेकजण भोजनगृहात आणि सिनेमाच्या खोलीत होते. नॉर्वे सरकारच्या चौकशीत निष्पन्न झाले ते असे. मंचाच्या एका आडव्या नळीला एक छोटे उपकरण बसविण्यासाठी आधार जोडलेला होता. तो जोड अवघ्या ६ मिलिमीटरचा आणि निकृष्ट. तेथून सुरू झालेला तडा लाटांच्या हेलकाव्यांनी वाढत वाढत नळीभर फिरला. नळी तुटली, पाठोपाठ त्या पायाच्या उरलेल्या नळ्या तुटल्या, पाय निखळला आणि सुमारे वीस मिनिटांत सारे पालथे झाले. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे बांधणीच्या काळातच, मंच रंगविला गेला त्या दिवशीच, तडा तेथे होता. रंगाऱ्याचा ब्रश तेथवर पोहोचला, परीक्षकाचा प्रोब पोहोचला नाही.

का पोहोचला नाही? कारण तो आधार भार वाहणारा भाग नव्हे, किरकोळ जोडणी आहे, असे रचनाकारांनी गृहीत धरले होते. म्हणून मुख्य सांध्यांना जी दक्षता लाभली ती या जोडाच्या वाट्याला आली नाही. तेव्हा उत्तम तंत्र असणे ही पुढची गोष्ट. कोणता जोड तपासण्याच्या योग्यतेचा आणि कोणता किरकोळ हे कोण ठरवितो, ही आधीची. हा प्रश्न ध्वनीचा नसून अधिकाराचा आहे.

उत्तम तंत्राचा इतिहासही अधिकाराच्या प्रश्नापासून अलिप्त नाही. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्या आणाव्यात काय, हा वाद पेटला. अशा भट्टीचे जाड पोलादी पात्र फुटले तर काय, हा प्रश्न सर ॲलन कॉट्रेल या नामांकित धातुशास्त्रज्ञाने जाहीरपणे विचारला. कॉट्रेल हे कोणी रस्त्यावरचे आंदोलक नव्हते, सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार राहिलेले गृहस्थ होते. पात्रात घातक तडे नसतील अशी ग्वाही शेवटी श्राव्यातीत परीक्षणावर टेकलेली होती. मग त्याच परीक्षणाची परीक्षा घ्यायचे ठरले. मुद्दाम दोष पेरलेले जाड पोलादी ठोकळे युरोपातील अनेक प्रयोगशाळांच्या पथकांकडून, दोष कोठे आहेत हे न सांगता, तपासून घेण्यात आले आणि मागाहून ठोकळे कापून खरे काय ते पाहिले गेले. 'पिस्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाच्या पहिल्या फेरीचा निष्कर्ष १९८० च्या आसपास पुढे आला, आणि तो लाजिरवाणा होता. त्या काळच्या प्रमाण नियमसंहितेतील पद्धत जशीच्या तशी वापरली तर मोठे, घातक दोषही निसटत होते. प्रतिध्वनीचे टोक ठराविक उंचीपेक्षा खाली राहिले की दोषाची दखलच घ्यायची नाही, असा तो नियम होता.

अर्थात ब्रिटिश अणुऊर्जा संस्थेला हे स्वस्थपणे गिळता येणे शक्य नव्हते, कारण साइझवेल-बी प्रकल्पावरील सार्वजनिक चौकशी समोर उभी होती. ही चौकशी जानेवारी १९८३ ते मार्च १९८५ अशी ३४० दिवस चालली. खाण कामगारांच्या संघटनेसह विरोधकांनी तेथे उलटतपासण्या घेतल्या. भट्टी अखेर बांधली गेली, १९९५ मध्ये सुरूही झाली. परंतु दरम्यान पुन्हा ठोकळे पाडून चाचण्या झाल्या, आणि परीक्षकांची व पद्धतींची पारख करणारे स्वतंत्र केंद्र रिस्ले येथे स्थापन झाले. याच काळात हारवेल येथे मॉरिस सिल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत पुढे आली. तिला आज सर्वत्र 'टॉफ्ड' म्हणतात. जनतेने प्रश्न विचारल्याने विज्ञानाची प्रगती खुंटते असे आपल्याकडील तज्ज्ञमंडळी वारंवार ऐकवितात. त्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

टॉफ्डची कल्पना साधी आहे. जोडाच्या दोन बाजूंना दोन प्रोब ठेवायचे, एक बोलणारा व एक ऐकणारा. तड्याच्या अंगावरून येणाऱ्या ठळक प्रतिध्वनीची वाट पाहायची नाही. तड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांना वळसा घालून पसरणाऱ्या क्षीण लहरी टिपायच्या. त्या दोन लहरी किती अंतराने आल्या यावरून तड्याची उंची निघते. तडा कसाही कललेला असो, टोके बोलतातच. त्यानंतर वैद्यकातील सोनोग्राफीच्या मार्गाने 'फेज्ड अॅरे' आली. तीत एका प्रोबमध्ये १६, ३२ किंवा ६४ बारीक स्फटिक असतात. प्रत्येकाला अब्जांश सेकंदांच्या फरकाने चेतविले की प्रोब न हलविता लहर हवी तिकडे वळते, हव्या त्या खोलीवर एकवटते आणि जोडाच्या छेदाचे चित्र पडद्यावर येते. अगदी अलीकडे प्रत्येक स्फटिकाने बोलायचे व सर्वांनी ऐकायचे, अशा रीतीने ६४ स्फटिकांपासून ४,०९६ संकेत साठवून संगणकाकडून बिंदूबिंदूचे चित्र बांधण्याची रीत निघाली आहे. तिची आंतरराष्ट्रीय मानके २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. (जाता जाता: याच लहरींच्या यंत्राचा महाराष्ट्रात गर्भातल्या मुली वेचून काढण्यासाठी कसा उपयोग झाला हे आपण जाणतो. प्रसवपूर्व लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राला करावा लागला. यंत्राला नीती नसते, ज्याच्या ताब्यात ते असते त्याला असावी लागते.)

या पद्धती जादूच्या नव्हेत. टॉफ्डला पृष्ठभागालगतचा काही मिलिमीटरांचा पट्टा नीट दिसत नाही, म्हणून जोडीला दुसरी पद्धत ठेवावी लागते. स्टेनलेस पोलादाच्या जाड जोडात मोठाले स्फटिककण लहर विस्कटून टाकतात आणि तेथे भलेभले परीक्षक गोंधळतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने 'पॅनी' या नावाने केलेल्या चाचण्यांत प्रमाणपत्रधारक परीक्षकांनी एकाच नमुन्यांवर हाताने केलेल्या तपासणीत कमालीचे कमीजास्त निकाल दिले. अनुभवी माणसे होती ती. म्हणून आम्हांस या नव्या पद्धतींचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या तीक्ष्ण दृष्टीत दिसत नाही, तो त्यांच्या स्मरणशक्तीत दिसतो. प्रोबला चाकाचा मापक जोडलेला असतो. तो कोठून कोठवर फिरला, कोठे वगळला गेला, कोणता संकेत आला, हे सारे मिलिमीटरच्या हिशेबाने साठते. दहा वर्षांनी दुसरा परीक्षक तीच नोंद उघडून पहिल्याचे मत तपासू शकतो. सहीच्या जागी पुरावा येतो. लोकशाहीत ज्याला हिशेब तपासणी म्हणतात ती पोलादाच्या बाबतीत प्रथमच शक्य झाली आहे.

आणि नेमके येथेच मालकवर्गाचे हितसंबंध आड येतात. ही नोंद कोणाच्या मालकीची? आज ती बहुधा बिल देणाऱ्याच्या कपाटात जाते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. दोषाची उंची कळू लागल्यापासून 'दोष आहे म्हणून जोड नापास' हा सरळ नियम मागे पडत चालला असून, हा दोष अमुक ताणाखाली किती वर्षांत वाढेल याचे गणित मांडून तो तसाच राहू देण्याची मुभा वाढते आहे. शास्त्रीय दृष्ट्या यात गैर काही नाही. विनाकारण जोड उकरून पुन्हा भरल्याने कधीकधी अधिकच हानी होते. परंतु त्या गणितात ताण किती धरला, यंत्र किती तास चालणार असे मानले, ही गृहीतके मालकाने पुरविलेली असतात. मग ऐन हंगामात ऊस वाळत असताना त्या गृहीतकांचे काय होते ते साखर पट्ट्यातील कामगारांनी आम्हांस सांगावे.

आपल्याकडील कायद्याची वाटचालही लक्षात घेण्याजोगी आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढल्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. १९२३ च्या अखिल भारतीय कायद्याने सरकारी निरीक्षक ही संस्था पक्की केली. १९५० च्या नियमावलीवर आजवर अनेक संस्करणे झाली असून, जुन्या बॉयलरचे उर्वरित आयुष्य तपासण्याची तरतूदही तीत आहे. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकांखेरीज अन्य 'सक्षम व्यक्तीं'ना प्रमाणपत्र देण्याचे दार उघडले, आणि २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने १९२३ चा कायदा इतिहासजमा केला. जीवितहानी घडवू शकणाऱ्या चार गंभीर अपराधांना फौजदारी शिक्षा कायम आहे, इतर अपराध मात्र दंडावर भागतात. सरकारी निरीक्षकाच्या काळी सारे निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही. निरीक्षकाच्या पाहुणचाराच्या कथा गावोगाव ऐकू येत. परंतु त्याचा पगार तरी राज्याच्या तिजोरीतून येत होता. त्याच्या जागी ज्याचे बिल कारखानदार चुकते करतो तो परीक्षक आणावयाचा आणि त्याला सुलभीकरण म्हणावयाचे, यात लाल फीत थोडी कमी झाली असेल, धोका मात्र जागचा हलून कामगाराच्या अंगावर आला आहे.

आपल्या चळवळीने आजवर या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वेतन, बोनस, कायम नोकरी यांच्या करारांत आपण रात्री जागविल्या. तपासणीचा अहवाल वाचायला मिळावा अशी मागणी क्वचितच एखाद्या मागणीपत्रात आली. नवे यंत्र आले की कोणाची तरी नोकरी जाणार, ही धास्ती निराधार नाही. पण येथे यंत्राला विरोध करून कामगाराचे हित साधणार नाही. मागायचे ते हे की परीक्षकाची फी मालकाकडून वसूल होऊन एखाद्या सार्वजनिक निधीत जमा व्हावी, आणि कोणत्या कारखान्यावर कोणता परीक्षक जाईल हे त्या निधीने ठरवावे. दोन्ही गोष्टी एकाच खिशात राहिल्या तर लेव्हल टू काय आणि लेव्हल थ्री काय. परीक्षणाची मूळ नोंद सुरक्षा समितीवरील कामगार प्रतिनिधींना मागताच मिळावी, आणि त्यांना ती वाचता यावी म्हणून संघटनेने स्वतःच्या खर्चाने दोन तरुण तरी शिकवून तयार करावेत. परीक्षक कंत्राटी आहेत, विखुरलेले आहेत, आज येथे तर उद्या हजिऱ्याला. त्यांना संघटित करणे अवघड आहे; पण रेडिओग्राफीसाठी रात्रपाळी करणारा तो तरुण हा आपलाच माणूस आहे, व्यवस्थापनाचा हस्तक नव्हे, एवढे तरी कारखान्याच्या दारातील आपल्या कार्यकर्त्यांनी ओळखावे.

एक सावधगिरी मात्र हवी. जी नोंद जोडाची साक्ष देते तीच वेल्डरविरुद्धही वापरता येते. अमुक वेल्डरचे इतके जोड नापास, सबब त्याची मजुरी कापा, असा हिशेब संगणक क्षणार्धात काढून देईल. इलेक्ट्रोड भट्टीत सुकवून दिले होते काय, पाळी बारा तासांची होती काय, पावसात ताडपत्रीखाली वेल्डिंग करविले काय, हे मात्र त्या नोंदीत उमटत नाही. म्हणून नोंदीबरोबर या गोष्टींचेही टिपण ठेवण्याचा आग्रह वेल्डरांनी धरावा.

हा मजकूर लिहून झाल्यावर त्या जुन्या विद्यार्थ्याला वाचून दाखविला. त्याने एकच दुरुस्ती सुचविली. बॉयलरच्या ड्रममध्ये आडवे पडून काम करताना बाहेर मॅनहोलशी एक माणूस उभा असावा लागतो आणि आत हवा खेळती ठेवणारा पंखा लावावा लागतो. दोन्हींपैकी एक तरी बहुतेक वेळा नसते, असे तो म्हणाला, आणि तेही लिहा म्हणाला.